दुसऱ्याचं धनुष्य

तिरंदाजीच्या मंडपात दिवसाचा पहिला बाण सोडायच्या आधी प्रत्येकाला दोन शब्द म्हणावे लागतात. "धनुष्य शिकतोय." मग तो ऐंशीचा म्हातारा असो, नाहीतर घरात बक्षिसाच्या ढाली लावायला भिंत न उरलेला बहाद्दर असो, पहिल्या बाणाला तो शिकतोच आहे. बाजूचे म्हणतात, "भरपूर लागोत." झालं. त्यानंतर रेषेवर कुणी बोलायचं नाही.

ओकबुन हे सहा वर्षं म्हणत आली होती. शेजारीण दिसली की "जेवलात का?" विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढे सटकायचं, त्यातलाच प्रकार. आपण शिकतोय असं ओकबुनला मुळीच वाटत नव्हतं. आपल्याला येतं, फक्त लागत नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

"भरपूर लागोत" हे शब्दही तिला कधी जड गेले नव्हते. मार्चमध्ये मालसुन आली आणि ते घशात अडकायला लागले.

मालसुन म्हणजे तिची विहीण, सुनेची आई. योसूच्या बाजारात तीस वर्षं सुकी मासळी विकलेली बाई. नवरा गेला, गुडघे बोलायला लागले, तेव्हा दुकान देऊन टाकून ती गुर्येला भावाच्या रिकाम्या घरात राहायला आली. ओकबुनच्या घरापासून चालत दहा मिनिटं. विहिणीने इतकं जवळ राहू नये हे कुणालाही कळतं, पण मालसुनला ते कुणी सांगितलं नसावं.

आणि तिला मंडपात आणलं कुणी? ओकबुननेच. त्याचं कारण होतं किमची, आंबवलेली तिखट भाजी. मुलाच्या घरी ग्वांगजूला गेलं की फ्रिजमध्ये पुढच्या फळीवर मालसुनच्या मोहरीच्या पाल्याच्या किमचीचा डबा असायचा आणि ओकबुनची कोबीची किमची मागे, लोणच्याच्या बरण्यांच्या आड. चार वर्षांची नात मोहरीच्या पाल्यासाठी भांडायची. ओकबुनने हे सगळं मुकाट्याने पाहिलं होतं आणि मनात ठरवलं होतं की एकदा या बाईला आपण कोण आहोत ते दाखवायचं.

तिला मंडपात आणलं त्या दिवशी मालसुन ओट्यावर पाय पसरून सुकवलेलं पर्सिमॉनचं फळ चघळत बसली. ओकबुनने कमरेच्या शेल्यात पाच बाण खोचले आणि आपलं अठ्ठेचाळीस पौंडांचं धनुष्य उचललं. मंडपातल्या बायकांत एवढं कडक धनुष्य दुसऱ्या कुणाचं नव्हतं. कधीतरी जिंजूहून आलेल्या कुणा पाहुण्याने "बाईच्या हातात पुरुषी धनुष्य शोभतंय हो" असं म्हटलं होतं. पाहुणा विसरून गेला, ओकबुन विसरली नाही. तिने दात आवळून दोरी ओढली. पाचातले दोन लागले. एकशे पंचेचाळीस मीटरवर नदीच्या अंगाला निशाणाच्या फळीवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. ती कौतुकाच्या अपेक्षेने वळली.

"अगं बाई!" मालसुन म्हणाली. "किती जोर लावता हो विहीणबाई! नुसतं बघूनच माझी मान अवघडली."

को जॉपजांग खो खो हसला. हा को निवृत्त न्हावी. तोंड आणि कात्री दोन्ही आयुष्यभर चालवलेला, आता नुसतंच तोंड उरलेलं.

"मला जमेल का हो हे?" मालसुनने विचारलं.

नाही, असं ओकबुन म्हणणार होती. पण तेवढ्यात मंडपात शिकवणाऱ्या मेंग गुरुजींनी भिंतीवरचं एक हलकं, शिकाऊ धनुष्य काढून मालसुनच्या हातात दिलंसुद्धा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे एका फेरीत पाच बाण असतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाचच्या पाच लागले की त्या दिवसापासून माणसाच्या नावापुढे जॉपजांग लागतं. तो सगळ्यांना तांदळाच्या वड्या खाऊ घालतो, गुरुजी सगळ्यांसमोर त्याला त्या नावाने हाक मारतात, आणि मग ते नाव मरेपर्यंत सुटत नाही. को जॉपजांग हा असाच झाला. ओकबुनबरोबर शिकायला लागलेले सगळे झाले. तिच्या मागून आलेले तिघे झाले. ओकबुनचं आडनाव मा, आणि ती मात्र सहा वर्षं "मा बाई"च होती. कुणी दारातून "मा बाई, चहा ठेवू का?" म्हणालं की त्या "बाई"ने तिच्या कानाला चटका बसायचा.

तर अशा मंडपात मालसुन शिकायला लागली.

दर गुरुवारी सकाळी ठाणाचा वर्ग असतो. आरशासमोर ओळीने उभं राहायचं आणि बाण न लावता दोरी ओढायची, धरायची, हळूच परत सोडायची. पावलं कशी, पोट कसं, छाती कशी, कोपर कुठे, एवढंच. मेंग गुरुजी अठ्ठ्याहत्तरचे. डोळ्यांत मोतीबिंदू, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा धड दिसत नाही, पण वीस पावलांवरून कुणाचं कोपर बोटभर खाली आलंय ते बरोबर सांगतात. लोक पहिल्या दोन महिन्यांत या वर्गाला कंटाळतात. मालसुन तीन महिने नुसती रिकामी दोरी ओढत राहिली. तीस वर्षं टोपली डोक्यावर वाहिल्याने तिची मान खांबासारखी सरळ राहायची, दोरी कानामागे गेली तरी हलायची नाही.

"हिची मान बघा," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांनी बघा. मा बाई, तुम्हीपण बघा."

ओकबुनने बघितली. तिला ती मान मुरगळावीशी वाटली.

तिचं स्वतःचं काय चुकतं ते तिला पाठ होतं. जोर पुरत नाही म्हणून कोपर पडतं. कोपर पडलं की मान मागे जाते. आणि सोडायच्या आधी बाणाचं टोक चोरपावलांनी पुढे सरकतं. गुरुजी चार वर्षं एकच सांगत होते: "मा बाई, हलकं धनुष्य घ्या." ती म्हणायची, "बघते." हलकं धनुष्य घ्यायचं म्हणजे सहा वर्षं चुकीचं धरलं होतं असं कबूल करायचं. शेवटी गुरुजींनी सांगायचं सोडलं, आणि त्याचाही तिला राग आला.

जूनमध्ये मालसुनने पहिला बाण सोडला. ऑगस्टमध्ये तिने स्वतःचं धनुष्य घेतलं, पस्तीस पौंडांचं, आणि मुठीला बाजारातल्या जुन्या ॲप्रनची निळी पट्टी गुंडाळली. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, अख्खा मंडप हजर असताना, तिचे ओळीने चार बाण लागले.

पाचव्याला सगळ्यांनी श्वास धरला. ओकबुन तिच्या शेजारीच उभी होती. लागू नये, लागू नये, लागू नये, असं ती मनात म्हणत होती, आणि ज्या तोंडाने मगाशी "भरपूर लागोत" म्हटलं होतं ते तोंड अजून हसरं ठेवलेलं होतं. बाण वर चढला, तरंगला आणि फळीच्या पायथ्याशी मातीत घुसला. दिवा लागला नाही.

"अरेरे!" ओकबुन म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

"आज नाही तर गुरुवारी!" को मालसुनला तिच्या आडनावाने हाक मारत म्हणाला. "वी बाई, तांदूळ भिजत घाला. आणि मा बाई, तुम्ही विहिणीला हाक मारायचा सराव करा. म्हणा, वी जॉपजांग!"

सगळे हसले. मालसुनही हसली. ओकबुनही हसली, पण घरी जाऊन तिने मालसुनने दिलेला पाल्याच्या किमचीचा डबा न खाता शेजारणीला देऊन टाकला.

त्या गुरुवारी वर्ग संपल्यावर सगळे नदीतल्या गोगलगायींचा रस्सा खायला पुलापलीकडे गेले. ओकबुन म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी बाण पुसून येते. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

बाण पुसायला पाच मिनिटं लागतात. ती सहाव्या मिनिटाला मालसुनच्या धनुष्यासमोर उभी होती.

धनुष्य खुंटीवर दोरी चढवलेलंच होतं, दुपारी मालसुन पुन्हा यायची होती. ओकबुनचं डोकं आठवडाभर एकाच जागी फिरत होतं. मासे विकणारी बाई सहा महिन्यांत चार मारते म्हणजे तिच्यात काही नाही, जे आहे ते या धनुष्यात आहे. काहीतरी नक्की आहे. भिंतीवर मंडपाचे नऊ नियम काळ्या शाईत लिहिलेले होते. आठवा, जिंकणाऱ्याचा राग धरू नये. नववा, दुसऱ्याचं धनुष्य ओढू नये. आठवा तर तिने मार्चपासूनच सोडून दिला होता.

तिने धनुष्य उचललं, आरशासमोर गेली आणि दोरी ओढली.

दोरी आली. नुसती आली, भांडली नाही. कोपर आपोआप वर राहिलं, मान सरळ, छाती शांत. आरशात एक बाई उभी होती आणि तिचं ठाण इतकं सुरेख होतं की ओकबुनला पहिल्यांदा ओळखच पटली नाही. मग पटली, आणि तिला रडू आलं. सहा वर्षं! सहा वर्षं ही बाई कुठे होती?

तिने पुन्हा ओढली. आणखी एकदा. तिसऱ्यांदा घाईने परत सोडताना तिच्या अंगठ्यातल्या शिंगाच्या कडीची कड दोरीत अडकली, आणि बाणाची खाच जिथे बसते तिथला दोऱ्याचा वेढा सरकला.

तिने नखाने वेढा मागे ढकलला. एवढाच होता ना? की थोडा खाली? पुलावरून आवाज आले. तिने धनुष्य खुंटीला अडकवलं, तोंड धुतलं आणि रस्सा प्यायला गेली. रस्सा छान झाला होता असं सगळे म्हणाले. तिला चव लागली नाही.

त्या दुपारी मालसुनचा पहिला बाण दहा पावलं अलीकडे पडला. दुसराही. पाचही मातीत.

"आज रस्सा जास्त झाला," मालसुन म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही पाच मातीत. वेढा तीळभर वर बसला होता, आणि इथे तीळभर म्हणजे तिथे दहा पावलं, हे ओकबुनला कळत होतं. फक्त तिलाच. गुरुजींना दोरा दिसत नाही. मालसुन नवीन, तिला दोरीकडे बघायचं सुचायचं नाही. आणि बाकी कुणी हात लावून बघेल म्हणावं, तर दुसऱ्याच्या धनुष्याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. तो नियमच आहे.

पहिला आठवडा ओकबुनचा फार सुखात गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिला झोप चांगली लागली. कधी नव्हे ते ती को न्हाव्याच्या विनोदांना मनापासून हसली. आपण मुद्दाम कुठे केलं, असं ती स्वतःला सांगायची. मी फक्त सांगत नाहीये.

गुरुजी गोंधळले होते. "ठाण तर बरोबर आहे," ते म्हणायचे, आणि डोळे बारीक करून पुन्हा बघायचे. "कदाचित मूठ सैल होते. वी बाई, थोडे दिवस परत रिकामी दोरी ओढा." मालसुन निमूटपणे शिकाऊ मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मग ती स्वतःच चूक शोधायला लागली. एक दिवस पावलं बदलली. एक दिवस हनुवटी वर केली. बाण पुढे जावा म्हणून जास्त ओढायला लागली, त्याने कोपर पडलं, आणि कोपर पडलं तशी मान मागे गेली.

ती खांबासारखी मान वाकडी झालेली ओकबुनने आरशात पाहिली. आरशात त्या वेळी दोन बायका शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि दोघींचं ठाण सारखंच वाईट होतं. ओकबुनला आनंद व्हायला हवा होता. तिने थोडी वाट पाहिली, पण तो काही आला नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मालसुन तिच्या दारात आली. हातात डबा.

"जेवलात का विहीणबाई? हा पाला आणलाय. मागचा संपला असेल."

"संपला," ओकबुन म्हणाली.

मालसुन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. ती गुडघे चोळायला लागली.

"एक विचारू का? हसणार नसाल तर."

"विचारा की."

"माझं काय चुकतंय हो? गुरुजींना विचारायची लाज वाटते, इतका जीव टाकतात बिचारे. त्या न्हाव्याला विचारलं तर गावभर करेल. तुम्ही सहा वर्षं धनुष्य धरलंय, तुमची नजर बसलीय. तुम्हाला दिसत असेल. मला सांगा, मी ऐकेन."

इतक्या वर्षांत मालसुनने तिला काही विचारलं नव्हतं. किमचीत मीठ किती, नातीला ताप आला तर काय द्यायचं, काही नाही. ओकबुन या प्रश्नासाठी मुलाच्या लग्नापासून थांबली होती. आणि तो आता आला होता, तिच्याच स्वयंपाकघरात, गुडघे चोळत.

खरं सांगायला एवढी संधी पुरे होती. पण ओकबुनने सल्ला दिला.

"कोपर पडतं तुमचं," ती म्हणाली. "मान मागे जाते. आणि सोडायच्या आधी बाण पुढे सरकतो, तो धरून ठेवा. जोर हाताने लावू नका, पाठीने लावा." ती अर्धा तास बोलली. गुरुजींनी सहा वर्षांत सांगितलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं, एक शब्द न गाळता. मालसुनने मान डोलावून सगळं ऐकलं, आणि उठून, तिथेच, हातात पळी धरून कोपर वर करून दाखवलं. "असं?"

"असंच," ओकबुन म्हणाली. तिला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली.

पुढच्या गुरुवारी वर्गानंतर सगळे रेषेवर उभे होते. मालसुनचं कोपर वर होतं, ते धरून ठेवताना तिचा खांदा थरथरत होता. "धनुष्य शिकतेय," ती म्हणाली. "भरपूर लागोत," सगळे म्हणाले. बाण मातीत गेला. दुसराही.

मालसुनने तिसरा शेल्यातून काढलाच नाही. फेरी संपेपर्यंत ती नियमाप्रमाणे गप्प उभी राहिली, आणि मग वळून गुरुजींपुढे कमरेत वाकली. "गुरुजी, माझं वय झालं. उगाच सगळ्यांचा वेळ खाते मी. हे शिकाऊ मुलींना द्या," असं म्हणून तिने धनुष्य दोन्ही हातांनी पुढे धरलं. निळ्या पट्टीवर अंगठ्याच्या जागी काळा डाग पडला होता.

गुरुजींनी हात पुढे केला नाही.

आता गप्प बसलं की झालं, हे ओकबुनला लख्ख दिसत होतं. ही बाई उद्यापासून येणार नाही. वी जॉपजांग कधी होणार नाही. सगळं मार्चच्या आधीसारखं होईल.

"तुमचं काही चुकत नाहीये," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "दोरीवरचा वेढा सरकलाय. तीळभर वर."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली.

"तुम्हाला काय ठाऊक?" कोने विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात विनोद नव्हता.

"मी ओढलं होतं हे धनुष्य. तुम्ही सगळे रस्सा प्यायला गेलात तेव्हा. माझ्या कडीत अडकून सरकला."

मेंग गुरुजींनी मान वाकवून मालसुनची परवानगी घेतली, तिच्या हातातलं धनुष्य उचललं, बोटाने दोरी चाचपली, आणि आपल्या एका बाणाची खाच बसवून बघितली. मग खिशातून दोरा काढला. वेढा उलगडून नव्याने गुंडाळायला त्यांना पाव तास लागला. आंधळ्यासारखे ते नुसत्या बोटांनी काम करत होते, आणि तो पाव तास ओकबुन सगळ्यांच्या मधोमध उभी होती. बस म्हणायला कुणाचं मन झालं नाही.

"तीन आठवडे," मालसुन म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीन आठवडे मी माझं कोपर दुरुस्त करतेय, विहीणबाई. परवा अर्धा तास सांगत होतात मला. कुणाचं कोपर होतं ते?"

"माझं," ओकबुन म्हणाली.

"आणि मान?"

"तीपण माझी."

गुरुजींनी धनुष्य मालसुनला परत दिलं आणि ओकबुनकडे न बघता म्हणाले, "मा बाई, एक महिना रेषेवर यायचं नाही. फळीजवळ थांबायचं आणि सगळ्यांचे बाण उचलून आणायचे."

"बरं," ती म्हणाली.

ती लगेच निघाली. कापलेल्या भाताच्या बांधावरून चालत गेली आणि फळीमागच्या आडोशाला जाऊन बसली. तिथून रेषेवरची माणसं बोटाएवढी दिसतात. कोण ते कळत नाही, पण ठाण कळतं. एक ठाण तिने लगेच ओळखलं. मान सरळ झाली होती.

टण्ण. बाण फळीवर बसला की तो आवाज दातांत जाणवतो. ओकबुनने डोळे मिटून घेतले. टण्ण. तिसरा. चौथा. आपण आत्ताच खरं बोललो, तर आता तरी जीव शांत व्हायला हवा, असं तिला वाटत होतं. पण कसलं काय. लागू नये, लागू नये, हेच येत होतं आतून. ती चिडून स्वतःलाच म्हणाली, "गप गं बये, गप!"

पाचवा लागला.

इतक्या दूरवरूनही आरडाओरडा ऐकू आला. फळीवर लागलेला बाण उडून खाली पडतो, म्हणून ओकबुनने पाच बाण गवतातून वेचले, एकेकाचं टोक फडक्याने पुसलं आणि उभी राहिली. एकशे पंचेचाळीस मीटर. सहा वर्षांत तिला ते अंतर एवढं लांब कधी वाटलं नव्हतं. मंडपाच्या पायरीशी येऊन तिने बाण दोन्ही हातांनी पुढे धरले, जसे द्यायचे असतात तसे.

"अभिनंदन," ती म्हणाली. मग एक श्वास घेतला. "वी जॉपजांग."

मालसुनने बाण घेतले. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या वड्या सगळ्यांना वाटल्या गेल्या, ओकबुनच्या वाट्याच्याही कागदात बांधून कोच्या हाती पाठवल्या गेल्या. स्वतः द्यायला मालसुन आली नाही.

महिनाभर ओकबुनने बाण उचलले. थंडी पडली, नदीवरून वारा यायला लागला, गावात किमची घालायचे दिवस आले. यंदा सून आईकडे बसून कोबी आणि पाला दोन्ही घालणार आहे असं मुलाने फोनवर सांगितलं. दोन्ही! ओकबुन त्या दिवशी नुसता पांढरा भात खाऊन झोपली.

पण फळीजवळ बसून महिनाभर माणसांची ठाणं बघायला मिळाली. कोणाचं काय चुकतं ते बाण सुटायच्या आधी कळायला लागलं. एक दिवस सगळे गेल्यावर ती मेंग गुरुजींसमोर गेली आणि म्हणाली, "गुरुजी, पस्तीस पौंडांचं आहे का एखादं?"

"चार वर्षांपासून बाजूला काढून ठेवलंय," गुरुजी म्हणाले आणि कपाट उघडलं.

महिना संपला त्या गुरुवारी ती रेषेवर आली. उजवीकडून तिसरी जागा तिची. तिच्या डावीकडे मालसुन. दोघी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मुलगा आणि सून मध्ये निरोप पोचवत होते आणि दोन्हीकडच्या शिव्या खात होते.

ओकबुनने हलक्या धनुष्याला बाण लावला. या धनुष्याने बाण किती वर धरायचा तेसुद्धा तिला माहीत नव्हतं. फळी किती लांब आहे हे पहिल्यांदाच दिसल्यासारखी ती बघत राहिली.

"धनुष्य शिकतेय," ती म्हणाली. शब्द अडखळत आले, कारण या वेळी ते खरे होते.

"भरपूर लागोत," को म्हणाला. "भरपूर लागोत," उजवीकडचे म्हणाले. गुरुजी म्हणाले. डावीकडून काही आलं नाही.

ओकबुन थांबली. आवाज आल्याशिवाय सोडायचा नाही असा काही नियम नाही. तरी ती थांबली. दोरी तशीच, बाण तसाच, खाली धरलेला. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

मालसुन समोर फळीकडे बघत होती. तिची मान जरासुद्धा हलली नाही.

"भरपूर लागोत," ती म्हणाली. आणि मग, रेषेवर बोलायचं नाही हा नियम मोडून, ओकबुनलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "पण माझ्यापेक्षा एक कमी."

ओकबुनने धनुष्य उचललं. कोपर वर होतं.